तसदीची माफी कोणी मागावी?

इंग्रजी शिकविणाऱ्या बहुतेक मार्गदर्शक पुस्तिकांत समानार्थी शब्दांचे एक पान असते. त्यात 'अनॉय' या शब्दापुढे बॉदर, पेस्टर, हॅरॅस, इरिटेट, ट्रबल, डिस्टर्ब, व्हेक्स असे शब्द स्वल्पविराम देऊन ओळीने मांडलेले असतात आणि त्या सर्वांना मिळून मराठीत एकच अर्थ छापलेला असतो : त्रास देणे. विद्यार्थी ती ओळ पाठ करतो, परीक्षेत एका शब्दाच्या जागी दुसरा लिहितो आणि त्यास गुणही मिळतात. या शाळेत इंग्रजीचे तास घेतलेले काही शिक्षक आणि याच बाकांवर शिकून पुढे कचेऱ्यांत, बँकांत व महाविद्यालयांत गेलेले काही माजी विद्यार्थी असे आम्ही मिळून हा लेख लिहीत आहोत. आमचे म्हणणे असे की, हे पान मुलांचे नुकसान करते. आणि आपल्या मुलांचे इतरांहून अधिक करते.

इतरांहून अधिक का, ते प्रथम सांगावयास हवे. ज्या घरात दोन-तीन पिढ्या इंग्रजी बोलले जाते, त्या घरातील मुलास या शब्दांच्या छटा जेवता-खाताना कळतात. वडील फोनवर कोणास काय म्हणाले, आईने शेजाऱ्यास कोणत्या शब्दांत तक्रार लिहिली, हे ते ऐकत-पाहत असते. आपल्या वसतिगृहात येणारे मूल ऊसतोडणीच्या तांड्यावरून, वीटभट्टीवरून, शेतमजुराच्या घरातून, शहराच्या कडेच्या वस्तीतून येते. त्याचे इंग्रजी केवळ पुस्तकातून येते. पुस्तकाने जे सपाट केले ते त्याच्यासाठी सपाटच राहते. पुढे शिष्यवृत्तीच्या चौकशीचे पत्र, वसतिगृहातील छळाची तक्रार, वरिष्ठाच्या वागणुकीबद्दलचा अर्ज लिहिण्याची वेळ येते, तेव्हा त्याच्या हाती सात शब्द असतात आणि सातांचा अर्थ एकच असतो.

वास्तविक हे शब्द शिडीच्या पायऱ्यांसारखे आहेत. 'बॉदर' ही सर्वांत खालची पायरी. अभ्यासाच्या वेळी शेजारच्या मुलाने पुन्हा खोडरबर मागितले, तेवढ्यापुरता हा शब्द. 'इन्कन्व्हीनियन्स' म्हणजे गैरसोय. तीत कोणाचा दुष्टावा अभिप्रेत नसतो, नळाला पाणी उशिरा आले की ती होते. 'इरिटेट' हे कातडीविषयीही बोलले जाते आणि मनाविषयीही. चुरचुर दोन्हीकडे सारखीच. 'पेस्टर' मध्ये मागणी असते, आणि ती पुनःपुन्हा केलेली असते. 'नॅग' म्हणजे घरच्याच माणसाने बारीक सुरात टोचत राहणे. हा शब्द इंग्रजीत प्रामुख्याने बायकोविषयी का वापरला जातो आणि नवऱ्याने तेच केले तर त्यास शिस्त का म्हणतात, हा प्रश्न आमच्या वर्गातील मुलींनी विचारलेला आहे आणि तो रास्त आहे. 'न्यूसन्स' म्हणजे उपद्रव, आणि उपद्रव देणारा माणूसही. 'हॅरॅस' येथपर्यंत येताना आपण गैरसोयीचा प्रांत सोडून छळाच्या प्रांतात आलेले असतो : कोणीतरी जाणूनबुजून, वारंवार, समोरच्यास निर्धास्त जगू न देण्यासाठी काही करीत आहे. त्याच्याही वर 'टॉर्मेंट' आणि 'परसिक्यूट'. शेवटच्या शब्दात माणसाचा छळ त्याच्या जातीमुळे, धर्मामुळे किंवा मतामुळे होत असल्याचे सांगितले जाते.

मराठीला या छटा ठाऊक नाहीत असे कोणी समजू नये. पैशासाठी तगादा लावतात, कामासाठी लकडा लावतात, मूल खेळण्यासाठी टुमणे लावते, चौकशीचा ससेमिरा लागतो, डास भुणभुण करतात, आजारी बाळ किरकिर करते, सासरी जाच होतो, गावात छळ होतो, उन्हाने जीव कावतो आणि रोजच्या त्याच भाजीचा वीट येतो. ससेमिरा हा तर एका जुन्या संस्कृत कथेतून आलेला शब्द. मित्रद्रोहामुळे भ्रमिष्ट झालेला राजपुत्र हीच चार अक्षरे सारखी उच्चारीत असे. एवढी श्रीमंती हाताशी असताना पुस्तिका लिहिणाऱ्याने 'त्रास देणे' वर भागवावे, हा आळस आहे. 'पेस्टर' पुढे 'लकडा लावणे' लिहिले असते तर मूल तो शब्द आयुष्यात विसरले नसते. आजीला जो शब्द येतो त्याच्याशी इंग्रजी शब्दाची गाठ घालून दिली की तो टिकतो, हा आमचा अनुभव.

शब्दांचे अर्थ कालांतराने झिजतात, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. मुलांना त्यात रसही वाटतो. 'अनॉय' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ द्वेष या अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगात आहे. आज तो माशी उडवण्याइतका हलका झाला आहे. 'न्यूसन्स' च्या मुळाशी इजा करणे हे क्रियापद आहे. आपल्या 'त्रास' ची गोष्ट तशीच. संस्कृतात त्याचा अर्थ भय, थरकाप. धम्मपदातील दण्डवग्गाच्या आरंभी याच धातूचे पाली रूप दंडापुढे सारे भितात हे सांगण्यासाठी आलेले आहे. ज्या शब्दाने एके काळी अंगाचा थरकाप सांगितला जाई, तो आज आपण रिक्षा वेळेवर मिळाली नाही तरी वापरतो.

'टीज' चे मूळ पिंजण्यात आहे. लोकर विंचरून तिचा धागा धागा सुटा करणे, या कामाचे ते नाव. मग माणसाला तसे पिंजणे, म्हणजे चिडवणे. 'बॅजर' ची कथा अधिक बोलकी. बॅजर हा बिळात राहणारा एक प्राणी. इंग्लंडमध्ये त्याला कोंडून त्याच्यावर कुत्री सोडण्याचा क्रूर खेळ चाले. १८३५ साली कायद्याने त्यावर बंदी आली. त्या खेळावरून प्रश्नांनी किंवा मागण्यांनी एखाद्याला हैराण करण्यास 'बॅजर करणे' म्हणू लागले. कुत्री सोडली माणसांनी, लचके तोडले कुत्र्यांनी, आणि त्रासाला नाव मिळाले ते बिचाऱ्या बॅजरचे. ज्याने सोसले त्याच्याच नावावर उपद्रवाची नोंद व्हावी, हा प्रकार आपल्या समाजास अपरिचित नाही.

आता कायद्याकडे वळू. कारण तेथे हे शब्द केवळ शब्द राहत नाहीत.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम २६८ मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या केली. जनतेला सामाईक इजा, धोका किंवा 'अनॉयन्स' होईल असे कृत्य म्हणजे पब्लिक न्यूसन्स. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच व्याख्या कलम २७० मध्ये आहे. व्याख्येत गैर काही नाही. धूर सोडणारी भट्टी, रस्त्यावर सोडलेले सांडपाणी यांना आवर घालण्यासाठी ती हवीच. प्रश्न असा की, जनता म्हणजे कोण आणि उपद्रव कोणाचा? पदपथावर भाजी विकणारी बाई, नाल्याकाठची झोपडी, भल्या पहाटे कचरा वेचणारा मुलगा, यांच्यावर 'न्यूसन्स' हा शिक्का सहज बसतो. तोच नाला ज्यांच्या दारावरून वाहतो त्यांना होणाऱ्या उपद्रवास मात्र 'इन्कन्व्हीनियन्स' म्हटले जाते, आणि तेही कोणी म्हटले तर.

या संदर्भात एक कलम प्रत्येक माजी विद्यार्थ्याने वाचलेले असावे असे आम्हांस वाटते. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ च्या मूळ कलम ३ मध्ये अत्याचारांची यादी होती. तिच्यातील दुसरी नोंद अशी : या समाजांतील व्यक्तीच्या घरात, आवारात किंवा शेजारात विष्ठा, घाण, मेलेली जनावरे अथवा तत्सम किळसवाणी वस्तू टाकणे, इजा, अपमान किंवा 'अनॉयन्स' करण्याच्या उद्देशाने. इंग्रजी पाठातील हा शेवटचा शब्द पुस्तिकेतील त्याच पानावरचा आहे! पुस्तिकेने ज्याचा अर्थ केवळ 'त्रास' असा दिला, तो येथे दारात टाकलेल्या मेलेल्या जनावराशेजारी उभा आहे. द्वेष हा त्याचा मूळ अर्थ कायद्याच्या मसुदाकारांच्या मनात होता की नव्हता, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु ज्या मुलीने हा शब्द माशी आणि खोडरबर यांच्याच संगतीत पाहिला आहे, ती हे कलम वाचून थबकेल एवढे खरे. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आली, या नोंदीचे दोन भाग केले. घरात, आवारात किंवा त्याच्या दाराशी अशी घाण टाकली तर आता उद्देशाचा तो शब्दसमूह आवश्यक राहिलेला नाही. शेजारात टाकली असेल तर तो अजूनही आहे. म्हणजे एका ठिकाणी शब्द गळल्यामुळे तक्रारदाराचे ओझे हलके झाले, दुसऱ्या ठिकाणी ते राहिले. शब्दांच्या छटा म्हणजे शिकल्या-सवरलेल्यांची चैन, असे ज्यांना वाटते त्यांनी या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात.

याच शब्दाची दुसरी बाजूही आहे, आणि तिचे उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६-अ हे कलम आले होते. त्यात संगणकावरून वा फोनवरून 'अनॉयन्स' किंवा 'इन्कन्व्हीनियन्स' करणारा मजकूर पाठविणे हा काही परिस्थितींत गुन्हा ठरविला होता, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका मोठ्या राजकीय नेत्याच्या निधनानंतर मुंबईत जो बंद पाळला गेला, त्याविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले आणि तिच्या मैत्रिणीने त्यास पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. न्यायालयाने दिलेल्या कारणांपैकी एक भाषेचे होते. एकाला जे त्रासदायक वाटते ते दुसऱ्याला वाटेलच असे नाही; इतक्या संदिग्ध शब्दांवर कोणाचे स्वातंत्र्य टांगून ठेवता येत नाही. आम्ही हा निर्णय इंग्रजीच्या वर्गात सांगतो. हलका शब्द कायद्यात शिरला की तो ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या सोयीने जड होतो, हे याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण आम्हांस सापडलेले नाही.

हलक्या शब्दाने जड गोष्ट झाकण्याचा प्रकार तर आपण नित्य पाहतो. 'ईव्ह-टीजिंग' हा भारतीय इंग्रजीतील शब्द घ्या. मुलींचा पाठलाग, अंगचटीला जाणे, घाणेरडे बोलणे या सर्वांवर चिडवाचिडवीचे पांघरूण घालणारा हा शब्द. तमिळनाडूने १९९८ मध्ये या विषयावर कायदा केला तेव्हा त्याच्या नावातच तो शब्द होता. पुढे तो काढून तेथे स्त्रियांचा छळ या अर्थाचा 'हॅरॅसमेंट' आणला गेला. मराठीत 'छेड काढणे' चे तेच झाले आहे. सतारीची तारही छेडतात आणि मुलीची छेडही काढतात. दोन्हींत एकच धातू असल्याने दुसऱ्यातले विष जणू कमी होते. आमच्या शाळेतील मुलींना आम्ही सांगतो की, तक्रार लिहिताना 'टीज' लिहू नका. काय केले ते लिहा, किती वेळा केले ते लिहा, आणि शब्द वापरायचाच तर 'हॅरॅस' वापरा.

महाविद्यालयात जाणाऱ्यांसाठी रॅगिंगचेही तेच. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा त्या व्याख्येत चिडवण्यापासूनच आरंभ करतो, म्हणजे कायद्याने पहिल्या पायरीवरच पाय रोवला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांत २०१६ साली दुरुस्ती होऊन जात, धर्म, वर्ण, प्रदेश, भाषा आदी कारणांवरून केलेला शारीरिक वा मानसिक छळही रॅगिंगच्या व्याख्येत स्पष्टपणे आला. तरीही वसतिगृहातील वरच्या वर्गाचा विद्यार्थी 'गंमत केली' म्हणतो, आणि नवा विद्यार्थी घरी फोन करून 'थोडा त्रास होतो' म्हणतो. पालकांना आमची विनंती आहे की, हे वाक्य ऐकल्यावर फोन ठेवू नये. थोडा म्हणजे किती, आणि कोण देतो, हे विचारावे.

'त्रास होतो' या मराठी वाक्याविषयी येथे थोडे बोलले पाहिजे. या वाक्यात त्रास देणारा नाही. मराठीत राग येतो, कंटाळा येतो, त्रास होतो, अडचण येते. जणू पाऊस यावा तशा या गोष्टी येतात आणि होतात. 'त्रास देतो' असेही मराठीत आहेच, परंतु ते म्हणताना कोणाचे तरी नाव घ्यावे लागते. आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात पहिला प्रयोग का अधिक होता, हे वेगळे सांगावयास नको. पाटलाच्या वाड्यावरून येणाऱ्या त्रासाला कर्ता देणे परवडण्याजोगे नव्हते. इंग्रजीत 'अनॉय' ला कर्ता लागतो. कोण कोणास अनॉय करतो ते सांगितल्याशिवाय साधे वाक्य उभे राहत नाही. म्हणूनच आपली मुले येथे अडखळतात. 'मला वैताग आला आहे' हे सांगण्यासाठी 'आय ॲम अनॉइंग' असे लिहिलेले आम्ही असंख्य वह्यांत पाहिले आहे. त्याचा अर्थ होतो : मी वैताग आणणारा आहे. 'आय ॲम डिस्टर्बिंग', 'आय ॲम इरिटेटिंग', सगळे याच वाटेने जातात. व्याकरणाच्या दृष्टीने ही 'ईडी' आणि 'आयएनजी' या प्रत्ययांची साधी अदलाबदल. पण सोसणारे मूल इंग्रजीत स्वतःलाच उपद्रव म्हणवून घेते, हे पाहून लाल शाईचा हात क्षणभर थांबतो खरा.

कर्ता लपविण्याची सोय इंग्रजीतही आहे, आणि ती कचेऱ्यांनी पुरेपूर वापरली आहे. रेल्वे फलाटावर नित्य ऐकू येणारे वाक्य आठवा : झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. कोणी केली गैरसोय? कोणास खेद आहे? इंग्रजी घोषणेत तर खेदही कर्मणि प्रयोगात व्यक्त होतो. बलवानाला कर्ता वगळता येतो, दुर्बलाला मात्र वाक्याच्या आरंभीच 'मी' आणून माफी मागावी लागते.

या लेखामागचे खरे कारण तेच आहे. माजी विद्यार्थी मार्गदर्शनासाठी आपली पत्रे आम्हांस दाखवतात. शिष्यवृत्तीची रक्कम आठ महिने जमा झालेली नाही, जातपडताळणीचा दाखला अडला आहे, परीक्षेची गुणपत्रिका चुकली आहे. विषय कोणताही असो, पत्राचा आरंभ बहुधा एकच : 'आय ॲम व्हेरी सॉरी टु डिस्टर्ब यू'. शेवटही तोच : 'सॉरी फॉर द ट्रबल'. मध्ये कोठेतरी, संकोचाने, हक्काची गोष्ट सांगितलेली असते. पालकांचेही तसेच आहे. आपल्या लेकीची चौकशी करण्यासाठी वसतिगृहात फोन करणारी आई प्रथम म्हणते, 'सर, डिस्टर्ब तर नाही ना केलं?' मूल तिचे, शाळा तिच्यासाठी, आणि फोन घेणारा पगार घेतो त्यासाठीच.

यावर कोणी म्हणेल, हा तर इंग्रजी शिष्टाचार आहे. इंग्लंडमध्ये लोक मीठ मागतानाही 'ट्रबल' देण्याची परवानगी मागतात. हे खरे आहे. परंतु तेथे ते दोन बरोबरीच्या माणसांतील वंगण असते. मीठ देणाराही उद्या त्याच शब्दांत मिरपूड मागणार असतो. आपले विद्यार्थी ज्या मेजापुढे हे वाक्य म्हणतात, त्या मेजापलीकडचा मनुष्य ते परत म्हणत नाही. मराठीतही 'तसदीबद्दल क्षमस्व' आहे. तसदी हा मुळात अरबी शब्द, डोकेदुखी देणे हा त्याचा अर्थ. मित्राला मध्यरात्री उठवून दवाखान्यात न्यावयास सांगितले तर त्याच्या तसदीबद्दल क्षमा मागणे शोभून दिसते. दाखला देणे हे ज्याचे काम आहे त्याला दाखला मागितल्याने त्याचे डोके दुखत असेल तर औषध त्याने घ्यावे.

कायदाही हेच सांगतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, माहिती मागणाऱ्याने ती का हवी याचे कारण देण्याची आवश्यकता नाही. आणि कलम ७ सर्वसाधारणतः तीस दिवसांत उत्तर देण्यास सांगते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क केला. मुदत उलटल्यावर पुन्हा विचारणे यास इंग्रजीत 'पेस्टर' म्हणत नाहीत. त्यास 'रिमाइंडर' म्हणतात, मराठीत स्मरणपत्र. या दोन शब्दांमधील अंतर आपल्या मुलांच्या पक्के लक्षात बसावे, एवढ्यासाठी आम्ही एवढी शाई खर्च करीत आहोत.

याचा अर्थ उद्धटपणा शिकवावा असा कोणी घेऊ नये. 'प्लीज' आणि 'थँक यू' राहू द्यावेत. ते बरोबरीच्या माणसांचे शब्द आहेत. मज्झिमनिकायातील अभयराजकुमारसुत्तात तथागतांनी वाणीची जी कसोटी सांगितली आहे, ती सत्य, हितकर आणि समयोचित या तिघांची आहे. ऐकणाऱ्यास ती गोड लागते की कडू, यावर ती अडत नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी भाषण लिहिले तेव्हा आयोजकांना त्यातील काही भाग खुपला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला, सभा रद्द झाली, आणि भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. त्या भाषणाच्या शीर्षकात जातीच्या 'सुधारणे' चा सौम्य शब्द नाही, तिच्या निर्मूलनाचा आहे. शब्द कोणत्या पायरीचा घ्यायचा हे त्यांनी श्रोत्यांच्या सोयीवर सोडले नाही.

दुसऱ्या टोकाचा दोषही सांगितला पाहिजे, अन्यथा आमचे म्हणणे एकांगी ठरेल. अलीकडे मुलांच्या तोंडी 'टॉर्चर' हा शब्द फार आला आहे. आईने दोनदा अभ्यासाला बस म्हटले, टॉर्चर. वसतिगृह अधीक्षकांनी दहा वाजता दिवे मालवले, हॅरॅसमेंट. हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट, पण आम्हांस ती तितकी निरुपद्रवी वाटत नाही. पोलीस कोठडीत ज्याच्यावर खरोखर 'टॉर्चर' झाला त्याच्यासाठी मग कोणता शब्द उरतो? आणि ज्या मुलाने वर्षभर प्रत्येक गोष्टीला हॅरॅसमेंट म्हटले, त्याने एके दिवशी खरीच तक्रार आणली तर ऐकणाऱ्याचे कान आधीच किटलेले असतात. शिडी दोन्ही बाजूंनी नीट वापरावयाची आहे.

काही सहकारी म्हणतात, मुलांना साधा भूतकाळ धड येत नाही आणि तुम्ही छटांच्या गोष्टी करता! त्यांची अडचण आम्ही जाणतो. चाळीस मुलांचा वर्ग आणि वर्षाअखेरीची परीक्षा आमच्यापुढेही होती. परंतु यासाठी निराळा तास लागत नाही. समानार्थी शब्दांचे तेच पान घ्यावे, फळ्यावर शिडी काढावी, आणि प्रत्येक शब्दासाठी वसतिगृहातील एकेक प्रसंग मुलांनाच सांगावयास लावावा. कोणता प्रसंग कोणत्या पायरीवर ठेवायचा यावर मुले भांडतात, आणि त्या भांडणातच निम्मा धडा होऊन जातो. नंतर त्यांनी तीन पत्रे लिहावीत : मित्राला एक, ज्यात खरोखरच तसदीची क्षमा मागितली आहे, कचेरीला एक, ज्यात क्षमा नाही, फक्त अर्जाचा क्रमांक, सादर केल्याची तारीख, उलटलेली मुदत आणि लेखी उत्तराची मागणी आहे, आणि एक तक्रार, ज्यात प्रत्येक वाक्यास कर्ता आहे.

येत्या शैक्षणिक वर्षापासून आठवीच्या वर्गात हा उपक्रम सुरू करण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी नमुना-पत्रे पुस्तकातील नकोत, खरी हवीत. ज्या माजी विद्यार्थ्यांनी कचेऱ्यांना, विद्यापीठांना, बँकांना इंग्रजीत पत्रे लिहून आपले काम करून घेतले असेल, किंवा ज्यांची पत्रे उत्तराविना पडून राहिली असतील, त्यांनी नावे व क्रमांक खोडून त्यांच्या प्रती शाळेच्या ग्रंथालयाकडे पाठवाव्यात. उत्तर आले नाही अशी पत्रे अधिक उपयोगी पडतील. पालकांनीही मुलांना आलेल्या कचेरीच्या नोटिसा, 'गैरसोयीबद्दल खेद' छापलेले कागद जपून ठेवावेत. त्यांतील कर्ता शोधून काढण्याचा खेळ मुलांना फार आवडतो.